युद्धाच्या बातमीवर ऑनलाइन वाद घालताय? आधी हे तीन प्रश्न वेगळे करा

जगात कुठेही युद्ध पेटलं की आपल्या फोनवर दोन गोष्टी एकदमच सुरू होतात: व्हिडिओंचा पाऊस आणि भांडणं. "हा व्हिडिओ फेक आहे", "ड्रोन कधी चुकत नाही", "युद्धात असं होणारच", "मग त्या वेळी तुम्ही गप्प का होतात?" शंभर-दोनशे मेसेज पडतात, एक-दोघं ग्रुप सोडून जातात, आणि कुणालाच काही नवं कळलेलं नसतं.

असे वाद मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेक ठिकाणी गोंधळ एकच असतो. लोक तीन वेगवेगळे प्रश्न एकाच वाक्यात कोंबतात:

१. नक्की काय घडलं?
२. त्यात यंत्राने काय केलं आणि माणसाने काय केलं?
३. जे केलं ते योग्य होतं का?

पहिल्या प्रश्नाला पुरावा लागतो. दुसऱ्याला ते यंत्र कसं चालतं याची माहिती लागते. तिसऱ्याला निकष लागतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. "ड्रोन अचूक असतो" हे वाक्य "मेलेला माणूस अतिरेकी होता" याचा पुरावा नाही. आणि "ते आपले शत्रू आहेत" हे वाक्य "हा व्हिडिओ कालचाच आहे" याचा पुरावा नाही.

या लेखात आपण एक खरी घटना घेऊन हे तिन्ही प्रश्न सोडवून पाहू. शेवटी ग्रुपमध्ये कसं बोलायचं आणि काय अजिबात पोस्ट करायचं नाही, तेही बघू.

## एक खरी घटना: काबूल, २९ ऑगस्ट २०२१

अमेरिकेचं सैन्य अफगाणिस्तानातून बाहेर पडत होतं. २६ ऑगस्टला काबूल विमानतळाच्या दाराशी आत्मघाती स्फोट झाला. त्यात १३ अमेरिकन सैनिक आणि सुमारे १७० अफगाण नागरिक गेले. असाच आणखी एक हल्ला होणार, अशी गुप्त माहिती अमेरिकेकडे होती.

२९ ऑगस्टला अमेरिकन ड्रोन एका पांढऱ्या टोयोटा कोरोला गाडीवर सुमारे आठ तास नजर ठेवून होते. गाडी वेगवेगळ्या ठिकाणी थांबली, माणसं तिच्यात काहीतरी भरताना दिसली. संध्याकाळी गाडी एका घराच्या अंगणात शिरली आणि तिच्यावर हेलफायर क्षेपणास्त्र सोडण्यात आलं.

सुरुवातीची अधिकृत बातमी अशी होती की विमानतळावरचा मोठा धोका टळला. १ सप्टेंबरला अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी जनरल मार्क मिली यांनीही हल्ला न्याय्यच असल्याचं सांगितलं. मग १० सप्टेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सीसीटीव्ही फुटेज, प्रत्यक्षदर्शी आणि घटनास्थळाची पाहणी यांवरून वेगळंच चित्र मांडलं. गाडी चालवणारा माणूस एका अमेरिकन मदतसंस्थेचा कर्मचारी होता, आणि गाडीत भरले ते बहुधा पाण्याचे कॅन होते.

१७ सप्टेंबरला, म्हणजे १९ दिवसांनी, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मान्य केलं की ही चूक होती. मारले गेलेले १० जण सामान्य नागरिक होते. त्यातली ७ मुलं होती.

आता हीच घटना तीन प्रश्नांमधून पाहू.

## प्रश्न १: नक्की काय घडलं?

काबूलच्या बाबतीत पहिल्या दिवशी जो कुणी "अतिरेकी मारला" असं छातीठोकपणे लिहीत होता, त्याच्याकडे अधिकृत बातमी होती. तरीही ती चुकीची निघाली. म्हणून पहिला नियम: युद्धातली पहिल्या काही तासांची बातमी म्हणजे दावा असतो. दावा कुणाचा आणि किती वाजेपर्यंतचा, हे दोन्ही लिहिलं तर नंतर बदलायला जागा राहते.

आपल्याकडे कानात आणि डोळ्यांत चार बोटांचं अंतर असतं म्हणतात. म्हणजे ऐकलेल्यावर नाही, पाहिलेल्यावर विश्वास ठेवा. फोनच्या जमान्यात डोळ्यांनी पाहिलेलंही तपासावं लागतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपण सगळ्यांनी हे अनुभवलं. गुजरातमधल्या हझिरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ फिरत होता. पीआयबी फॅक्ट चेकने तो जुलै २०२१ मधल्या जुन्या स्फोटाचा असल्याचं सांगितलं. दुसऱ्या बाजूला, भारतातल्या काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या बातम्या चालवल्या, आणि त्याही खऱ्या ठरल्या नाहीत. खोटं दोन्ही दिशांनी येतं. आपल्याला आवडणारं खोटं जास्त धोक्याचं, कारण ते आपण तपासतच नाही.

फोनवरच करता येण्यासारखी तपासणी अशी:

जुना व्हिडिओ आहे का? व्हिडिओतल्या दोन-तीन स्पष्ट जागी थांबून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका. तोच प्रसंग आधीच्या तारखेला सापडला तर तिथेच निकाल लागला. काही सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ नवा आहे असं मात्र नाही.

जागा तीच आहे का? दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, मशिदीचा मिनार, डोंगराची रेघ, सावल्या बघा. गुगल मॅप्सवर सॅटेलाइट चित्राशी जुळवा. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ हे विमान १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. ते पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची गाडी कुठल्या रस्त्याने गेली, हे 'बेलिंगकॅट' या गटाने लोकांनी टाकलेल्या फोटो-व्हिडिओंतल्या अशाच खुणा जुळवून दाखवलं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण आहे का? मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकलत आला असेल तर दुहेरी बाण दिसतो. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. बाण आहे म्हणजे मेसेज खोटाच, असं नाही. पण पाठवणाऱ्याने तो स्वतः पाहिलेला नाही, एवढं नक्की कळतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की मूळ तारीख-जागेची छुपी माहिती निघून जाते. त्यामुळे "फोटोच्या डिटेल्समध्ये आजची तारीख आहे" याला काही अर्थ नाही.

गेम तर नाही ना? 'आर्मा ३' हा २०१३ चा युद्धाचा गेम इतका हुबेहूब दिसतो की त्याच्या क्लिप खऱ्या युद्धाच्या म्हणून सतत फिरतात. शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीनेच अशा क्लिप ओळखायच्या खुणा जाहीर केल्या: मुद्दाम कमी केलेली क्वालिटी, हलणारा कॅमेरा, रात्रीची दृश्यं, गायब आवाज, हालचाल करणारी माणसं जवळपास नाहीत.

एआयने बनवलेलं आहे का? मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगतायत, असा बनावट व्हिडिओ आला होता. तो लगेच पकडला गेला, कारण डोकं आणि शरीर जुळत नव्हतं. आताचे व्हिडिओ इतके कच्चे नसतात. एआय ओळखणाऱ्या साइट्स चुकतात आणि चॅटबॉटही आत्मविश्वासाने चुकीची जागा-तारीख सांगतो. चॅटबॉटला विचारणं म्हणजे पडताळणी नव्हे. त्याने दिलेला मूळ दुवा उघडून वाचणं म्हणजे पडताळणी.

याची उलटी बाजूही आहे. खोटं इतकं वाढलं की खरा, नकोसा वाटणारा फोटोसुद्धा "एआय आहे" म्हणून उडवून लावता येतो. म्हणून "फेक आहे" हाही दावाच आहे. जो म्हणतो, त्याने दाखवावं.

## प्रश्न २: यंत्राने काय केलं, माणसाने काय?

"ड्रोनने मारलं" असं आपण सहज लिहितो. काबूलमधला ड्रोन स्वतः निर्णय घेत नव्हता. कॅमेरा त्याचा होता, पण "हीच ती गाडी" हे माणसांनी ठरवलं. कॅमेरा नीट चालत होता. क्षेपणास्त्रही बरोबर त्या गाडीवरच पडलं. म्हणजे नेम अचूक होता, ओळख चुकीची होती. "अचूक शस्त्र" हा शब्द वादात आला की मी विचारते, अचूक म्हणजे कोणत्या अर्थाने?

शस्त्रांच्या बाबतीत तीन पायऱ्या लक्षात ठेवा:

- माणूस निर्णयात: यंत्र दाखवतं, सोडायचं की नाही ते माणूस ठरवतो.
- माणूस देखरेखीला: यंत्र स्वतः सोडतं, माणूस थांबवू शकतो. येणारी क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या काही यंत्रणा अशा चालतात, कारण हातात मोजके सेकंद असतात.
- माणूस बाहेर: एकदा सोडल्यावर लक्ष्य निवडणं आणि मारणं दोन्ही यंत्राकडे. खरा वाद इथे आहे.

"यंत्र चुकतं" आणि "माणूस चुकतो" अशा दोन टीम पडतात, तेव्हा मी या दोन घटना शेजारी ठेवते.

३ जुलै १९८८. पर्शियन आखातात अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. नौकेची संगणक यंत्रणा विमान वर चढतंय असं बरोबर नोंदवत होती. तणावाखालच्या माणसांना मात्र ते हल्ला करायला खाली येणारं लढाऊ विमान वाटलं.

२५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियातल्या दाहरानमध्ये पॅट्रियट यंत्रणा शंभर तासांहून जास्त वेळ बंद न करता चालू होती. वेळ मोजताना तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दर वेळी अगदी बारीक फरक पडत होता. तो साठत साठत सुमारे एक तृतीयांश सेकंद झाला. येणारं स्कड क्षेपणास्त्र तिने चुकीच्या जागी शोधलं. ते बराकीवर पडून २८ अमेरिकन सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं.

एकात यंत्र बरोबर होतं आणि माणूस चुकला. दुसऱ्यात यंत्रच चुकलं. म्हणून "यंत्रावर सोडा" किंवा "माणसावर सोडा" ही एका ओळीची उत्तरं चालत नाहीत.

एआयच्या टक्केवारीचंही असंच. समजा एक काल्पनिक शहर आहे, १ लाख लोकवस्तीचं, आणि त्यात १०० जण खरोखर सशस्त्र आहेत. एआय ९९ टक्के बरोबर ओळखतो. ऐकायला भारी वाटतं ना? आता हिशोब करा. १०० पैकी ९९ सशस्त्र लोक सापडतील. पण उरलेल्या ९९,९०० निरपराध लोकांपैकी १ टक्का, म्हणजे ९९९ जण, चुकून यादीत येतील. यादी १,०९८ जणांची, आणि त्यातले ९९९ निरपराध. यादीतल्या दर दहापैकी नऊ! म्हणून कुणी "९९ टक्के अ‍ॅक्युरेट" म्हटलं की विचारा: किती लोकांवर वापरलं, आणि यादीतलं नाव खरं की खोटं हे पुढे कोण तपासतं?

## प्रश्न ३: जे केलं ते योग्य होतं का?

इथे पुरावे संपत नाहीत, पण पुरावे पुरतही नाहीत. आधी हा प्रश्नही दोन भागांत तोडायचा.

पहिला भाग: युद्ध सुरू करणं योग्य होतं का? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुसऱ्या देशावर बळ वापरायला मनाई आहे (कलम २, उपकलम ४), आणि सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क मान्य आहे (कलम ५१).

दुसरा भाग: युद्ध लढलं कसं? इथे १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे पूरक करार येतात. जिनिव्हा करारांसाठी भारतात १९६० चा कायदा आहे. मूळ निकष तीन:

- भेद: लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा. नागरिकांना लक्ष्य करायचं नाही.
- प्रमाण: लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान अवाजवी नको.
- खबरदारी: हल्ल्याआधी खात्री करण्यासाठी शक्य ते सगळं करा.

हे दोन भाग वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. ज्याची बाजू न्याय्य आहे त्यालाही हे तीन नियम लागू होतात. "सुरुवात त्यांनी केली" हे पहिल्या भागाचं उत्तर असू शकतं, दुसऱ्याचं नाही.

आता काबूल. अमेरिकन हवाई दलाच्या महानिरीक्षकांच्या चौकशीचा निष्कर्ष नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. हल्ल्याच्या सुमारे दोन मिनिटं आधीच्या व्हिडिओत एक मूल दिसत होतं, पण ते त्या वेळी लक्षात आलं नाही. आधीच ठरलेल्या समजुतीला जुळेल तसा दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ लावला गेला. तरीही, युद्धाच्या कायद्याचा भंग झाला नाही, असं चौकशीत म्हटलं होतं. डिसेंबरमध्ये जाहीर झालं की कुणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही.

म्हणजे १० निरपराध माणसं गेली, चूक मान्य झाली, कायदा मोडला नाही असं ठरलं, आणि जबाबदार कुणीच नाही. "कायद्यात बसतं" आणि "योग्य आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझं मत स्पष्ट आहे: इतक्या जणांच्या हातून जाणारा निर्णय असेल आणि शेवटी एकाचंही नाव पुढे येत नसेल, तर ती पद्धतच दोषी आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं. तीन दिवसांपूर्वीच्या स्फोटानंतर, मोजक्या वेळात निर्णय घेणाऱ्यांना नंतर निवांत बसून दोष देणं सोपं आहे, असं कुणी म्हटलं तर तोही खरा युक्तिवाद आहे. पण हा वाद आता निकषांवर चाललाय. "व्हिडिओ फेक आहे" इथे नाही.

## पुढचा वाद: स्वतः ठरवणारी शस्त्रं

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित घातक शस्त्रांवर एक ठराव आला. बाजूने १५२ देश, विरोधात ४, तटस्थ ११. विरोधातले चार म्हणजे भारत, रशिया, बेलारूस आणि माली. यावर "भारताला किलर रोबो हवेत!" अशा पोस्ट पडू शकतात. तीन प्रश्न लावून बघा.

काय घडलं? ठराव बंदीचा नव्हता. महासचिवांनी देशांची मतं मागवून अहवाल द्यावा, असा होता. भारताचं म्हणणं होतं की हा विषय आधीपासून सुरू असलेल्या, पारंपरिक शस्त्रांविषयीच्या १९८० च्या कराराच्या मंचावरच राहावा. तंत्र काय? वर सांगितलेली तिसरी पायरी. योग्य काय? इथे तुम्ही भारताच्या भूमिकेवर टीका करू शकता, कारण त्या मंचावर सर्वसहमती लागते आणि काम संथ चालतं. समर्थनही करू शकता, कारण ज्यांच्याकडे ही शस्त्रं आहेत ते मोठे देश तिथे चर्चेला बसतात. दोन्ही बाजूंनी धड वाद होतो.

## ग्रुपमध्ये बोलायचं कसं?

घरच्या ग्रुपवर काकांनी व्हिडिओ टाकला: "बघा कसं उडवलं! सगळ्यांना पाठवा." यावर "काका, फेक न्यूज पसरवू नका" असं लिहिलं की काका चिडणार आणि मुद्दा राहणार बाजूला. त्याऐवजी:

"काका, हा व्हिडिओ मी गुगल लेन्सवर टाकून पाहिला, तो २०२१ चा निघाला. दुवा खाली देते. तुम्ही म्हणताय ती बातमी खरी असेलही, पण हा व्हिडिओ तिचा नाही."

यात काकांचा मान राहतो आणि दावा व पुरावा वेगळे होतात. आणखी काही सवयी:

- "मग त्या वेळी कुठे होतात?" याला उत्तर: "तेही चूकच होतं. आता हे बोलूया." एवढं पुरतं.
- मृतांचे आकडे देताना कोणाचे आणि कोणत्या तारखेचे, ते लिहा.
- आपली पोस्ट चुकीची निघाली तर नुसती डिलीट करू नका. तिथेच दुरुस्ती लिहा. ज्यांनी पुढे पाठवली त्यांनाही कळू दे.
- मृतदेहांचे, रडणाऱ्या मुलांचे फोटो वाद जिंकायला वापरू नका.

## हे मात्र अजिबात पोस्ट करू नका

सैन्याच्या गाड्या, विमानं, तळ, चालू असलेली कारवाई यांचं चित्रीकरण. हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण पाहून पलीकडे बसलेले सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नये अशी सूचना काढली. तेव्हा कॅमेरे मोजक्या वाहिन्यांकडे होते. आज प्रत्येक गच्चीवर एक आहे. व्हिडिओ खरा असणं हे तो टाकायचं कारण होत नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सरकारी फॅक्ट चेकवर विश्वास ठेवायचा का?
सुरुवात म्हणून बघा. पीआयबी फॅक्ट चेक २०१९ पासून आहे आणि प्रामुख्याने केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतो. युद्धात प्रत्येक सरकार पक्षकार असतं, म्हणून दुसरा स्वतंत्र स्रोतही पाहा.

मी तज्ज्ञ नाही, मग बोलू का?
जरूर बोला. तिसरा प्रश्न नागरिकांचाच आहे. पहिल्या दोन प्रश्नांत मात्र जेवढं तपासलंय तेवढंच बोला.

काहीच पडताळता आलं नाही तर?
पुढे पाठवू नका. काबूलचं सत्य बाहेर यायला १९ दिवस लागले. तुमची पोस्ट एक दिवस थांबली तर काही बिघडत नाही.

## थोडक्यात

वाद तापला की एकच वाक्य टाइप करा: "आपण आत्ता कोणत्या प्रश्नावर बोलतोय? घडलं काय, यंत्राने केलं काय, की योग्य काय?" निम्मं भांडण तिथेच थांबतं. उरतं ते बोलण्यासारखं असतं.